शिदोरी बांधून देणारे घर



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार हा मिशन रविवार. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस ठरवून दिला. तेव्हापासून जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये या दिवशी मिशनकार्यासाठी प्रार्थना होते आणि दान गोळा केले जाते. आपल्या धर्मग्रामातही दानाची थैली फिरते आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे नोट तीत पडते. पण मिशनला नोट देणे वेगळे आणि मिशनला लेकरू देणे वेगळे.

आता ही गोष्ट केवळ धर्मगुरू आणि सिस्टर्स होणाऱ्यांपुरती राहिलेली नाही. काही धर्मसंघ आणि महाविद्यालये प्रापंचिक तरुण-तरुणींनाही काही महिने किंवा वर्ष-दोन वर्षे परदेशात सेवेला पाठवतात. कोणी दवाखान्यात मदत करतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी निर्वासितांच्या छावणीत अन्न वाटतो. समजा, शहरात शिकणाऱ्या आपल्या मुलीचा फोन आला, ‘आई, माझं नाव निघालंय.’ त्या रात्री घरात काय होईल? बाप विचारील, ‘पैसे किती लागतील?’ आई म्हणेल, ‘लोक काय म्हणतील?’ आजी विचारील, ‘तिथं भाकर मिळते का?’ माझ्या मते तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि आजीचा सर्वांत रास्त. जाणाऱ्याच्या श्रद्धेविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकतो. मागे राहणाऱ्या घराच्या श्रद्धेविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आजचा पाठ त्या घरासाठी आहे.

तोबीतचे घर

आपल्या कॅथलिक बायबलमध्ये तोबीतचे एक छोटे पुस्तक आहे. ते आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. निनवे शहरात परमुलखात राहणारा तोबीत आंधळा झालेला आहे आणि घरात गरिबी आहे. मेदी देशातील रागेस गावी त्याने पूर्वी एका माणसाकडे दहा तालांत चांदी ठेवलेली असते. ती आणायला तो एकुलत्या एका मुलाला, तोबियाला, पाठवायचे ठरवतो. हा प्रवास सेवेचा नाही, हे मला मान्य आहे. पण तरुण मुलगा लांब, अनोळखी वाटेने निघाला की घरात काय घडते, ते या पुस्तकाइतके बारकाईने पवित्र शास्त्रात दुसरीकडे कुठे आलेले नाही.

बाप सर्वप्रथम सोबत शोधायला सांगतो. मुलगा एक सोबती घेऊन येतो. तो रफाएल देवदूत असतो, पण हे घरात कोणालाच ठाऊक नसते. आता आंधळा म्हातारा काय करतो पाहा. ‘देव आहे ना’ म्हणून तो मोकळा होत नाही. तो विचारतो, तू कोणत्या वंशाचा, कोणत्या घराण्यातला? बापाचे नाव ऐकतो, ओळख पटवतो. मग मजुरी ठरवतो: दिवसाला एक द्राख्मा, शिवाय खर्च मुलाच्या बरोबरीने, आणि सुखरूप परत आलात तर वर आणखी काही. एवढे सगळे बोलून झाल्यावर मग आशीर्वाद देतो. देवदूताचीसुद्धा चौकशी करणारा हा बाप मला फार आवडतो. त्याची श्रद्धा पक्की होती. चौकशी केल्याने ती उणी झाली नाही.

आणि आई? हन्ना रडते, नवऱ्याला बोल लावते. आपल्या मुलाला का पाठवले, तो तर आपल्या हातातली काठी होता, पैशावर पैसा नसता आला तरी चालले असते, असा तिचा सूर आहे. पुढे वाटेत तोबियाचे लग्न होते, चौदा दिवस सोहळा चालतो आणि परतायला उशीर होतो. इकडे ती मुलगा मेला असे धरून बसते. नवरा समजूत घालतो तर म्हणते, मला फसवू नकोस. ती दिवसा जाऊन मुलगा गेला त्या वाटेकडे पाहत बसते, रात्री तिला झोप नसते. पवित्र शास्त्राने तिला कुठेही अश्रद्ध म्हटलेले नाही. मुलगा परत येतो तेव्हा त्याला सर्वांत आधी तीच पाहते, कारण ती वाटेवरच बसलेली असते.

ज्या घरातून मूल जायचे आहे त्या घरातील आईला ‘रडू नको, देवाचं काम आहे’ असे सांगणाऱ्या शेजाऱ्यांनी हा भाग एकदा वाचावा.

चौकशी कशाची करायची

मराठवाड्यातील माणसाला घर सोडून जाणे नवीन नाही. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि कोयता घेऊन चार-पाच महिने परमुलखात राहतात. मुकादमाकडून उचल घेताना शहाणा माणूस कारखाना कोणता, टोळीत कोण कोण, हिशेब कधी, हे विचारूनच अंगठा देतो. मुलगा परदेशी निघताना मात्र कागद इंग्रजीत असतो आणि फोटो छान असतात म्हणून आपण गप्प बसतो. हे बरोबर नाही.

पाठवणारी संस्था कोणती, तिची नोंदणी कुठे आहे, तिथला पत्ता काय, तिथे जबाबदार माणूस कोण, आजारपणाचा विमा कोण काढणार, परतीचे तिकीट आधी काढले आहे का, पासपोर्ट कोणाच्या हातात राहणार, हे विचारावे. पासपोर्ट मुलाच्याच हातात हवा. व्हिसा कोणत्या कामाचा आहे तेही पाहावे. पर्यटक म्हणून जाऊन तिथे काम करणे बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि काही देशांत बिनपगारी सेवेलाही वेगळा व्हिसा लागतो. ‘आधी सेवा, मग तिथेच नोकरी’ असे कोणी सांगू लागला तर कान टवकारावेत. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. नोकरीच्या आमिषाने म्यानमार, कंबोडिया, लाओस या देशांत नेलेल्या आपल्या देशातील तरुणांना सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवल्याच्या बातम्या २०२२ पासून आपण वाचत आहोत. तीही कोणाच्या तरी आईची मुले आहेत.

आणखी एक चौकशी आहे, ती सहसा कोणी करत नाही. तिथल्या लोकांना या सेवेचा खरोखर उपयोग आहे का? नेपाळ आणि कंबोडिया या देशांत असे आढळून आले आहे की अनाथाश्रमांत ठेवलेल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. परदेशी स्वयंसेवक येतात, सोबत पैसा येतो, म्हणून गरिबांची मुले घरातून उचलून आणून तिथे ठेवली गेली. दोन आठवडे येऊन लळा लावून जाणाऱ्या पाहुण्यांनी त्या मुलांचे भले होत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांट या जर्मन विचारवंताचे एक तत्त्व आम्ही अभ्यासले होते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, प्रत्येक माणूस स्वतःच एक साध्य आहे, असा त्याचा आशय. तेव्हा ते पुस्तकी वाटले. पण परदेशातील गरीब मूल हे आपल्या मुलाच्या प्रमाणपत्राचे साधन नाही, आणि आपले मूल हे आपल्या भावकीत मिरवण्याचे साधन नाही, असे म्हटले की तो कांट केदारखेड्यातही समजतो.

सोलापूरचे एक घर

आपल्या महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण ख्रिस्ती घरातले नाही. म्हणून ते बाजूला ठेवावे असे मला वाटत नाही.

१९३८ साल. जपानने चीनवर आक्रमण केले होते आणि चीनने वैद्यकीय मदत मागितली होती. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांच्या आवाहनावरून देशभर निधी गोळा झाला, सुमारे २२ हजार रुपये. पाच डॉक्टरांचे पथक ठरले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९१० साली जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईत वैद्यकीय पदवी घेतलेली होती आणि ते पुढच्या शिक्षणाची तयारी करत होते. म्हणजे आजच्या भाषेत विद्यार्थीच. त्यांनी घरी विचारले. घरच्यांना चीनविषयी काय ठाऊक होते? त्यांच्या बहिणीने पुढे सांगितले की तिथून माणसे रेशीम विकायला येतात, एवढेच. तरी त्या घराने मुलाला जाऊ दिले. सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून निघाले.

चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. सोबत्यांनी परत जाण्याविषयी सुचवले. ते परतले नाहीत. पुढे पथकातील बाकीचे डॉक्टर मायदेशी आले, कोटणीस तिथेच राहिले. डॉ. बेथ्यून यांच्या नावाने सुरू झालेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. गुओ छिंगलान या चिनी परिचारिकेशी त्यांनी १९४१ मध्ये विवाह केला आणि त्यांना मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. मूल तेव्हा काही महिन्यांचे होते. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे नाव घरोघरी पोहोचले. चीनच्या नेत्यांनी कोटणीस कुटुंबाची आठवण अनेक वर्षे ठेवली. भारतभेटीत ते या कुटुंबाला आवर्जून भेटत.

चित्रपटात डॉक्टर दिसतात. मला त्यांच्या आईचा विचार येतो. पती गेला, मुलगा लांब, पत्र पोहोचायला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही, त्यात महायुद्ध. नंतर नेते भेटायला आले, सन्मान झाले. पण सोलापूरच्या घरात रोज संध्याकाळी जे रिकामेपण असेल, त्याचा सन्मान कोण करणार?

आपल्या मराठवाड्यात श्रद्धेचे बी ज्यांनी पेरले त्यांच्याही घरी असेच झाले. सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाची मिशनरी संस्था फादर पीटर मेर्मिए यांनी १८३८ साली अ‍ॅनसी या गावी स्थापन केली. तिचे मिशनरी १८४५ मध्ये भारताकडे निघाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगाव परिसरात पोहोचले. सवॉयच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्यांची मुले होती ती. बोटीवर चढलेला मुलगा बहुधा पुन्हा दिसणार नाही, हे आई-बापांना माहीत असे. वसईचा संत गोन्सालो गार्सिया पंधरा-सोळाव्या वर्षी, १५७२ मध्ये, जेजुइट फादरांबरोबर जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला. त्याच्या वसईच्या आईविषयी इतिहासाने जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही.

घरात अडचण असेल तर?

हा खरा अवघड प्रश्न, आणि आपल्याकडे तो हमखास येतो. बाप आजारी आहे, सोयाबीन गेले आहे, बँकेचे कर्ज थकले आहे, धाकट्या बहिणीचे लग्न आहे, आणि मोठा मुलगा म्हणतो, मला सेवेला जायचे आहे. कोणाचे ऐकायचे, देवाचे की घराचे?

पुष्कळांना वाटते की चर्च अशा वेळी ‘देवाचे’ असे झटकन उत्तर देईल. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच प्रश्न सोडवला आहे. आई-वडील अशा गरजेत असतील की मुलाशिवाय त्यांचा योग्य सांभाळ होऊच शकत नाही, तर त्यांना सोडून मठात प्रवेश करणेसुद्धा योग्य नाही, असे ते सांगतात. संन्यासी जीवनासाठी ही अट असेल, तर सहा महिन्यांच्या सेवेसाठी ती दुप्पट लागू आहे. प्रभू येशूनेही, देवाला वाहिले असे म्हणून आई-बापांना द्यायचे टाळणाऱ्या लोकांना मार्कच्या सातव्या अध्यायात सुनावले आहे.

पण थॉमस यांच्या वाक्यातला ‘मुलाशिवाय होऊच शकत नाही’ हा भाग नीट पाहा. पुष्कळदा तसे नसते. दुसरा भाऊ असतो, चुलता असतो, शेजार असतो. कोटणीसांच्या घरीही भावंडे होती. अडचण खरी आहे की आपल्या मनाची भीती अडचणीचे कपडे घालून आली आहे, हे घरातल्यांनी एकत्र बसून, प्रार्थना करून ओळखायचे असते. आणि अडचण खरी असेल तर मुलाने थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही. मात्र जाण्यासाठी जमीन गहाण ठेवू नये, सावकाराकडे जाऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. ज्या सेवेसाठी घर कर्जात बुडते ती सेवा पाठवणाऱ्यांनी नीट आखलेली नाही असे समजावे.

इथे धर्मग्रामाचे काम सुरू होते. एका घराला न पेलणारे ओझे दहा घरांना पेलते. संत पौलाच्या मदतीला फिलिप्पै येथील मंडळी अशीच उभी राहिली. ती श्रीमंत नव्हती. मासेदोनियातील मंडळ्या अतिशय दारिद्र्यात असूनही देत होत्या, असे पौलानेच करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगितले आहे. पौल तुरुंगात होता तेव्हा फिलिप्पैच्या लोकांनी पैसे तर पाठवलेच, शिवाय एक माणूसही पाठवला: एपफ्रदीत. आजच्या शब्दांत तो त्या धर्मग्रामाचा स्वयंसेवक. त्याचे काम होते पौलाजवळ राहून त्याची सेवा करणे.

तिथे तो आजारी पडला, मरता मरता वाचला. आणि पौल एक फार बारीक गोष्ट टिपतो. एपफ्रदीत बेचैन होता, पण आजारामुळे नव्हे. आपण आजारी आहोत हे घरच्यांना कळले आहे, म्हणून तो बेचैन होता. मूल परदेशी असलेल्या प्रत्येक घराला हे लगेच समजेल. मुलाला ताप आला तर तो सांगत नाही, घरी दुखणे आले तर आपण त्याला सांगत नाही, आणि दोन्हीकडे झोप उडते. पूर्वी पत्र महिन्याने यायचे. आता व्हिडिओ कॉल क्षणात लागतो, तरी लपवाछपवी तशीच आहे. माझी सूचना अशी: निघण्यापूर्वीच ठरवून घ्या की खरे सांगायचे. आठवड्यातून एक वार, एक वेळ ठरवा आणि तेव्हा बोला. दर तासाला ‘जेवलास का’ विचारणारी आई मुलाला तिथे पोहोचूच देत नाही. त्याचे शरीर तिथे आणि मन इथल्या ओट्यावर राहते. फोन नाही लागला तर एक दिवस थांबा. दोन दिवस झाले तर संस्थेच्या जबाबदार माणसाला विचारा. त्याचा नंबर आधीच घरात भिंतीवर लिहिलेला हवा.

पौल एपफ्रदीतला परत पाठवतो आणि फिलिप्पैकरांना लिहितो की त्याचे आनंदाने स्वागत करा, अशांना मान द्या. ही शिफारस पौलाने का लिहिली असावी? माझा तर्क असा की काम पुरे होण्याआधी परत आलेल्या माणसाकडे गाव कसे पाहते, हे पौलाला ठाऊक होते. ‘एवढा गाजावाजा करून गेला आणि आला की परत!’

योहान मार्कचे प्रकरण तर याहून कठीण. तरुण मार्क, यरुशलेममधल्या मरियेचा मुलगा, पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर समुद्रापार कुप्र बेटावर गेला आणि पुढे पिर्गा येथून त्यांना सोडून घरी परतला. का परतला, हे प्रेषितांची कृत्ये सांगत नाहीत. आजारी पडला असेल, घाबरला असेल, आईची आठवण आली असेल. पुढच्या प्रवासाला पौलाने त्याला नेण्यास साफ नकार दिला. त्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात एवढा वाद झाला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन पुन्हा कुप्रला गेला. कलस्सैकरांच्या पत्रावरून कळते की मार्क बर्णबाचा भाऊबंद होता. म्हणजे पडलेल्या मुलाला पुन्हा उभे करायला घरचाच माणूस पुढे आला. आणि शेवटी त्याच पौलाने तीमथ्याला लिहिले की मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. परंपरा सांगते की दुसरे शुभवर्तमान याच मार्कचे.

मार्कचे घर कसे होते, तेही प्रेषितांच्या कृत्यांत आले आहे. पेत्र तुरुंगातून सुटला तेव्हा रात्री तो त्याच घराच्या दारी गेला, कारण तिथे पुष्कळ लोक जमून प्रार्थना करत होते. दार ठोठावले की आत कोणीतरी जागे असेल, असे ते घर होते.

सेवा पुरी करून आलेल्यांचेही ऐकून घ्यायचे असते. अंत्युखियाच्या मंडळीने उपवास व प्रार्थना करून, डोक्यावर हात ठेवून पौल आणि बर्णबा यांना पाठवले होते. ते परतले तेव्हा त्यांनी सर्व मंडळीला जमवून घडलेले सांगितले. आपल्याकडे आलेल्या मुलाला पहिला प्रश्न असतो, ‘काय काय आणलं?’ दुसरा, ‘पगार किती होता?’ त्याने तिथे पाहिलेली उपासमार, त्याच्या हातात मेलेला एखादा रुग्ण, त्याला आलेला एकटेपणा याविषयी कोणी विचारतच नाही. मग तो गप्प होतो, आणि घर म्हणते की परदेशी जाऊन पोरगा बदलला. त्याला दोन-तीन महिने द्या. लगेच लग्नाचा किंवा नोकरीचा विषय काढू नका. मिस्सानंतर चर्चमध्ये अर्धा तास त्याने बोलावे आणि आपण ऐकावे, याची व्यवस्था धर्मग्राम करील.

या आठवड्यात कुटुंबाच्या प्रार्थनेच्या वेळी तोबीतच्या पुस्तकातील अध्याय ५, १० आणि ११ वाचावेत. तरुणांनी फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय २, ओवी २५ ते ३० वाचून यावे, रविवारी तरुणांच्या सभेत त्यावर चर्चा करू. ज्यांची मुले-मुली शिक्षणासाठी, सेवेसाठी किंवा धर्मसंघांतर्फे परदेशी आहेत, त्यांनी त्यांची नावे शनिवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. रविवारच्या मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ती नावे घेतली जातील, आणि त्यांच्या आई-वडिलांचीही.